दोन ते आठ अंश

११ जानेवारी

मास्तरीणबाई,

फोनवर मी नुसतं ‘हं हं’ करतो, त्यापेक्षा पत्र लिही म्हणालीस. लिहितोय. दुकानाच्या मागच्या खोलीत बसलोय. पुढ्यात एक उघडा कॉम्प्रेसर आहे आणि हाताला तेल आहे. तेव्हा कागदावर डाग दिसले तर ते तेलाचे समज, रडारडीचे नाहीत.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. बदली तू मागून घेतलीस हे आईला सांगितलेलं नाही. शाळेनं पाठवलं, म्हटलं. तिनं विचारलं, “विज्ञानाच्या दुसऱ्या बाई नव्हत्या का शाळेत?” मी म्हटलं, नव्हत्या. विषय संपला.

निघताना दारात तू जे बोललीस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. “रिपोर्ट तुझा आणि बोलणी मी खायची. औषध घे, नको घेऊस, पण आईंना एकदा सांग, कमी माझ्यात नाही.” आणि मी काय म्हणालो तर, बॅगेची चेन नीट लागलीय ना बघ. एवढंच सुचलं गं. तू गेल्यावर तासाभरानं बरीच चांगली वाक्यं सुचली, पण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

तर काल डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. एकटा. त्यांनी पुन्हा सगळे रिपोर्ट मांडले. बीजांची संख्या कमी, हालचाल कमी, आणि बाकी सगळं जागच्या जागी. नस फुगलेली नाही, नळी तुंबलेली नाही, रक्तातली हार्मोन्स ठीक. शेवटी तेच दोन शब्द: कारण अज्ञात. मी म्हटलं, “बाई, वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. बिघाड आहे पण कारण नाही असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो मला दुकानाबाहेर काढेल.” त्या म्हणाल्या, “दुकान तुमचंच ना? मग कसा काढेल?” बाई हसत नाहीत, पण बोलतात हसण्यासारखं.

गोळ्यांचा चार महिन्यांत उपयोग झाला नाही, म्हणून आता हार्मोनची इंजेक्शनं. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते म्हणे, तिथून खाली हुकूम सुटतो की माल तयार करा. माझ्याकडे हुकूम सुटतोय तरी कारखाना सुस्त आहे. म्हणून तोच हुकूम बाहेरून, जरा चढ्या आवाजात द्यायचा. एक दिवसाआड एक सुई, तीन महिने, एकूण पंचेचाळीस. माल तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यामुळे घाई करून भागत नाही. “काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. कोणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. माझ्याकडे आश्वासन मागू नका,” असं त्यांनी दोनदा बजावलं.

गोळ्यांवरून आठवलं, हे तुला सांगितलंच नव्हतं. बायकांनाही त्याच गोळ्या देतात. पहिल्यांदा आणायला गेलो तर औषधवाला मला समजावून सांगायला लागला, “पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करायला सांगा हं वहिनींना.” मी हो म्हटलं. सांगतो म्हटलं. चार महिने तो दर वेळी तुझी तब्येत विचारत होता आणि मी सांगत होतो, सुधारतेय.

इंजेक्शनं गार ठेवावी लागतात. घरच्या फ्रिजात ठेवायची सोय नाही, आई दर दोन दिवसांनी फ्रिज पुसते. पण फ्रिजवाल्याला फ्रिजचा काय तोटा? दुकानात ठेवतो.

आईला सांगेन. तीन महिने जाऊ देत, रिपोर्ट येऊ दे. चांगला आला तर कदाचित सांगायची वेळच येणार नाही.

तुझा,
फ्रिजवाला


२४ जानेवारी

मास्तरीणबाई,

माझं पत्र मला परत पाठवायचं, आणि तेही लाल शाईनं ओळी अधोरेखित करून, हे फक्त तूच करू जाणे. मला वाटलं शुद्धलेखन काढलंयस. बघतो तर शुद्धलेखनाला हातही लावलेला नाही. दोनच ओळी धरल्यास. एक, औषधवाल्याला मी ‘हो’ म्हटलं ती. दुसरी, ‘सांगायची वेळच येणार नाही’ ती. समासात एकच शब्द: ‘वा!’

आता त्या ‘वा’चं उत्तर देतो.

औषधवाल्याच्या बाबतीत माझं चुकलं. गंमत म्हणून लिहिलं होतं, पण लाल रेघ बघितल्यावर गंमत दिसेना. अनोळखी माणसासमोरसुद्धा मी तुलाच पुढे केलं.

आणि आईच्या बाबतीत. शेजारीण बाळ दाखवायला आली होती त्या दिवशीचं मी विसरलोय असं तुला वाटत असेल. विसरलो नाही. तू बाळाला घेतलं होतंस, आणि आईनं येऊन ते तुझ्या हातातून काढून घेतलं. “तिच्याकडे नको, रडेल ते,” म्हणाली. बाळ रडत नव्हतं. मी खिडकीच्या बिजागरीला तेल देत होतो आणि तेलच देत राहिलो. त्या बिजागरीला इतकं तेल झालंय की ती खिडकी अजून वाऱ्यानं आपोआप उघडते.

माझी अडचण अशी आहे. आईचं माझ्याबद्दल एक मत आहे. बाबा गेल्यावर मी सोळाव्या वर्षी कामाला लागलो, घर उभं केलं, सगळ्यांना सांगत असते ती. तिच्या मते माझ्यात एकच खोट आहे, मी जेवताना बोलत नाही. त्यात हे कसं सांगू? तू म्हणशील, सरळ तोंडानं सांग. तेच तर होत नाही.

सुया चालू आहेत. पाच झाल्या. दुकान उघडलं की आधी शटर अर्धं खाली ओढतो, पोटाची चिमूट धरतो, डोळे मिटतो आणि टोचतो. डोळे मिटून टोचू नका असं नर्सनं सांगितलं होतं. पण उघडे ठेवले तर हात पुढे जात नाही. सुईला मी किती भितो ते तुला माहीत आहे. लग्नाआधी रक्त तपासायला गेलो होतो तेव्हा तुझ्या खांद्यावरच आडवा झालो होतो.

डबा दोन दारांच्या निळ्या फ्रिजात ठेवलाय. आत थर्मामीटर टांगलंय आणि रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे दाराला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहितोय. दोन ते आठ अंशांच्या मधे राहायला हवं. आज सकाळी चार, काल संध्याकाळी साडेचार. तुझ्या प्रयोगशाळेतसुद्धा एवढं चोख काम होत नसेल.

तुझा,
फ्रिजवाला


५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

निळा फ्रिज विकला गेला शनिवारी. म्हातारं जोडपं होतं, आजी फार चौकस, प्रत्येक कप्पा उघडून हुंगून बघितला. चांगली माणसं. सोमवारी दुसऱ्या एका फ्रिजानं जरा त्रास दिला, तो दुरुस्त केला. सुया चालू आहेत. अकरा झाल्या.

आकडे पाठव म्हणालीस, पण चिकटपट्टी निळ्या फ्रिजाबरोबर गेली. आठवले तर लिहीन.

तू खोली बदललीस ते बरं केलंस. वरच्या मजल्यावर उजेड चांगला असेल. पोरांचे पेपर तपासताना डोळे ताणू नकोस.

फ्रिजवाला


१५ मार्च

मास्तरीण,

तुझा वाढदिवस बाराला झाला आणि मी फोनवर पुन्हा ‘हं’च केलं. अडतीस पूर्ण झाली म्हणालीस. मी म्हटलं, वाटत नाहीत. तू म्हणालीस, “दिसण्याचा प्रश्न नाही रे, डॉक्टर चेहरा बघून वय ठरवत नाहीत.” 

तीस सुया झाल्या. तू विचारलंस, काही जाणवतं का? काही जाणवत नाही. पोटावर दोन निळे डाग आहेत तेवढेच.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सांगू नये असं वाटत होतं, पण लाल शाईची धास्ती बसलीय. परवा आईनं जेवताना विषय काढला. “ती काही आता परत यायची नाही. आणि आली तरी काय, जे नाही ते नाहीच. तुझं वय अजून गेलेलं नाही. एक स्थळ आहे, मोकळं विचारते.” मी म्हटलं, “आई, काहीतरीच काय बोलतेस?” आणि पाणी प्यायलो. नाही म्हटलं मी, पण कसं, तर कोणी आणखी वाढू का विचारल्यावर म्हणतात तसं. ती समजली असेल की पोरगा लाजतोय.

आज सकाळी तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मात्र ठणकावून सांगितलं की हा विषय पुन्हा काढायचा नाही. का, ते नाही सांगितलं. तिला वाटलं, तुझ्या प्रेमापोटी. तेही खरं आहे. पण मला त्याचं श्रेय घेताना चोरट्यासारखं वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर कोर्स संपेल. मग तपासणी. तू दिवस मोजतेयस हे मला माहीत आहे.

तुझा


२१ एप्रिल

मास्तरीण,

रिपोर्ट आला. जसा होता तसाच. संख्या एका आकड्यानं वर, हालचाल एका आकड्यानं खाली. बाई म्हणाल्या, “एवढा फरक रोजचाच असतो, त्याला फरक म्हणत नाहीत. काहींना या औषधाचा उपयोग होत नाही. तुम्ही मनापासून केलंत, आता पुढचं बघू.” फाइलीवर त्यांनी लिहिलं, उपयोग झाला नाही. खाली सही केली.

पुढचं म्हणजे दात्याचं बीज घ्यायचं. मागे त्यांनी तो विषय काढला होता तेव्हा मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो होतो, आणि गाडीला दोन तास होते. या वेळी बसून राहिलो. त्यांनी कागद दिला. दोघांच्या सह्या लागतात.

मला आणखी तीन महिने हवे आहेत. पुन्हा एकदा इंजेक्शनं घेऊन बघतो. बाई म्हणाल्या, आग्रहच असेल तर देईन, पण का ते सांगा. मी म्हटलं, मनाचं समाधान. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तूही ‘का’ विचारशील. मनाचं समाधान, असंच समज.

तुझा


४ मे

मास्तरीण,

तुझं पत्र परवा आलं. मी लाल रेघांची वाट बघत होतो. त्याऐवजी तू लिहिलंयस:

‘औषध लागू पडलं नाही यात तुझा काय दोष? तुला सुई बघवत नाही, आणि तू पंचेचाळीस वेळा टोचून घेतलंस. मला एवढं पुरे आहे. आईंना सांगायचा हट्ट मी सोडते. महिनाअखेरीस शाळेला सुटी लागेल, मी परत येते. तीन महिने आणखी नकोत, माझ्याकडे तेवढे नाहीत. आपण दोघं मिळून त्या कागदावर सही करू.’

हे वाचून मी दुकान बंद केलं. भर दुपारी. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तुला परत यायला हवंय, आणि मला फक्त गप्प बसायचंय. त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. पण या वेळी जमत नाहीये. तेव्हा हे सगळं वाच आणि मग यायचं का ते ठरव.

पंचेचाळीसपैकी नऊच सुया खऱ्या होत्या.

एकतीस जानेवारीच्या शनिवारी ते म्हातारं जोडपं आलं. मी दुसऱ्या टोकाला एका हिरव्या फ्रिजाचा नवा थर्मोस्टॅट बसवत होतो. बघतो तर आजी निळ्या फ्रिजाचं दार उघडतायत. आत माझा डबा, त्यावर दवाखान्याचा शिक्का आणि माझं नाव. मी धावलो, डबा उचलला आणि दुरुस्तीला घेतलेल्या त्या हिरव्या फ्रिजात कोंबला, पार मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकून. आजी म्हणाल्या, “काय लपवताय?” मी म्हटलं, “सुटे भाग.”

थर्मोस्टॅटला एक बारीक नळी असते. ती आतल्या गार पत्र्याला चिमट्यानं घट्ट बसवावी लागते, म्हणजे आत किती गार झालंय ते फ्रिजला कळतं. ती लोंबकळत राहिली तर फ्रिजला वाटतं आत अजून गरमच आहे, आणि तो थांबायचं नाव घेत नाही. जो जो हे काम शिकायला माझ्याकडे येऊन गेला त्या प्रत्येकाला मी त्या चिमट्यावरून बोललो असेन. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नळी बसवायच्या आधी मी आजींकडे धावलो होतो, आणि फ्रिज विकला गेल्याच्या आनंदात परत हिरव्याकडे बघितलंच नाही. तो चालू होता. रविवारी दुकान बंद.

सोमवारी दार उघडलं तर आत बर्फाचा डोंगर. डबा पत्र्याला चिकटलेला. तो पेचकसानं सोडवला. छत्तीसच्या छत्तीस सिरिंजा दगड.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दोन ते आठ अंश. गोठलं तर औषध गेलं. वितळवून वापरायचं नाही, फेकायचं आणि मला फोन करायचा.

मी एक सिरिंज मुठीत धरून बसलो. पाच-दहा मिनिटांत वितळली. आतलं औषध अगदी पहिल्यासारखं दिसत होतं, पाण्यासारखं स्वच्छ. शटर अर्धं ओढलं आणि टोचून घेतली. दहावी. दोन दिवसांनी अकरावी. तुला पत्र लिहिलं, सुया चालू आहेत. ते खोटं नव्हतं बघ. मी खोटं बोलतच नाही, मी फक्त खऱ्यातलं सोयीचं तेवढं सांगतो.

पहिल्या दिवशी लाजेमुळे केलं. फ्रिजवाल्याच्या फ्रिजात औषध गोठलं हे बाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं? पण लाज किती दिवस पुरणार? आठवडा फार तर. लाजेपायी कोणी छत्तीस वेळा स्वतःला टोचून घेत नाही. खरं कारण वेगळं आहे आणि ते मला त्याच सोमवारी कळलं होतं.

त्या दिवशी दुकान बंद करून घरी जाताना मला हलकं वाटत होतं. माझं नुकसान झालं होतं, आपल्या दोघांचं झालं होतं, आणि मी शीळ घालत चाललो होतो. कारण आता रिपोर्ट कसाही आला तरी माझ्याकडे कारण होतं. इतकी वर्षं सगळे सांगत होते, कारण अज्ञात. कारण नाही म्हणजे मग उरलो मीच. पूर्ण औषध नीट घेतलं असतं आणि तरी रिपोर्ट तसाच आला असता, तर मला ते मान्य करावं लागलं असतं. आता करायला नको होतं. दोष हिरव्या फ्रिजाचा होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? मी तर वाकडं अंगण सापडलं म्हणून आनंदानं नाचायचंच सोडून दिलं.

तू मात्र तिकडे दिवस मोजत होतीस. दोन फेब्रुवारीपासून तेरा एप्रिलपर्यंत सत्तर दिवस होतात. त्यातला एकेक दिवस तुझ्या अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षाचा होता. मी त्यात तुला मेलेल्या औषधाची खुशाली कळवत होतो. तुझ्या वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा एक सुई होती. फोन ठेवला आणि ती टोचली.

आईपासून लपवायचं म्हणून औषध दुकानात नेलं, गिऱ्हाइकापासून लपवायचं म्हणून हिरव्या फ्रिजात कोंबलं, बाईंपासून आणि तुझ्यापासून लपवायचं म्हणून वितळवून टोचलं. एका न सांगितलेल्या गोष्टीपायी एवढं. आणि तू मला शाबासकी दिलीस, तू धीराचा आहेस म्हणून.

मला तू हवी आहेस. पण या शाबासकीवर नको.

मी


२० मे

मास्तरीण,

तुझं उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. मी रोज एकदा करतो, तो उचलावास म्हणून नाही. मी केला होता हे तुला दिसावं म्हणून.

बाईंना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन काढलं, फाइलीवरचं ‘उपयोग झाला नाही’ खोडलं आणि लिहिलं, ‘औषध दिलेच गेले नाही’. मग म्हणाल्या, “तुमच्यासारखे बरेच येतात. गोळ्या बेसिनमध्ये टाकणारे येतात, दुसऱ्याचा नमुना आणून देणारेही येतात. पण निकामी औषधानं स्वतःला सत्तर दिवस टोचणारा पहिलाच.” मी म्हटलं, पुन्हा द्याल का? त्या म्हणाल्या, “देईन. पण सुईला इथे यायचं, नर्सच्या हातून घ्यायची. आणि आश्वासन मागू नका.” पहिली सोमवारी घेतली, आज दुसरी. नर्स डोळे मिटू देत नाही.

पण तू त्यासाठी थांबायचं नाहीस. दात्याच्या कागदावर मी सही केली आहे, तो या पत्राबरोबर आहे. तुझी जागा रिकामी आहे. तुला हे माझ्याबरोबर नको असेल तर कागद फाडून टाक, मी विचारणार नाही.

आता दुसरं. आईला सांगितलं.

तू परत यावीस म्हणून नाही सांगितलं. तू येत नाहीयेस असं धरूनच सांगितलं. गेल्या गुरुवारी दुपारी ती उशीचा अभ्रा शिवत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, “आई, मूल होत नाही ते माझ्यामुळे.”

“कोणी सांगितलं? तिनं?”

“डॉक्टरांनी. तिच्यात काही दोष नाही. कधीच नव्हता.” आणि पहिला रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला.

तिनं चष्मा लावला. मला वाटलं आकडे विचारेल, ही संख्या म्हणजे काय, ती हालचाल म्हणजे काय. तिनं आकड्यांकडे बघितलंच नाही. वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली आणि तिथंच बोट ठेवून थांबली.

“हे चार वर्षांपूर्वीचं आहे.”

“हो.”

“म्हणजे चार वर्षं मी तिला बोलत होते आणि तू शेजारी बसून ऐकत होतास.”

मी हो म्हटलं.

“नुसता खोकला असतास तरी मी समजले असते रे.”

मी मनाशी काय काय तयारी करून बसलो होतो ते आता सांगायचीसुद्धा लाज वाटते. ती रडेल, मला जवळ घेईल, म्हणेल, माझ्या लेकराच्या वाट्याला हे काय आलं. मी तिची समजूत काढायची वाक्यं ठरवून ठेवली होती. माझ्यासाठी तिच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. ती म्हणाली, “मी तोंडानं फटकळ आहे, पण दुष्ट नव्हते. तू मला दुष्ट केलंस. माझ्या तोंडून तिला बोलवून घेतलंस आणि स्वतः गरीब गाय होऊन बसलास.” मग सुई अभ्र्यात खोचली, उठली आणि आत गेली.

तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढत होती, बोलत नव्हती. चौथ्या दिवशी माळ्यावरची बॅग काढायला लावली आणि तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, “आई, ती फोन उचलत नाही, तिला आणणं आत्ता...” ती म्हणाली, “आणायला कोण चाललंय? कोणत्या तोंडानं आणू? मला तिच्यासमोर उभं राहून बोलायचंय. ते झालं की परतीच्या गाडीनं येईन.” मी म्हटलं, “मी येतो सोबत.”

“तू चार वर्षं सोबतच होतास,” ती म्हणाली.

तेव्हा मी येत नाहीये. हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. तिला म्हटलं, हवं तर वाच. म्हणाली, “दुसऱ्यांची पत्रं वाचायची मला सवय नाही.” त्यामुळे हिरव्या फ्रिजाचं तिला माहीत नाही. तेही सांगेन, पण ते मी सांगेन, तू नको.

ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी सहा तासांचा प्रवास करतेय. गाडीत पाणी प्यायलेली नसेल, उतरावं लागेल या भीतीनं. आल्या आल्या पाणी मागणारही नाही. एवढं वाचेपर्यंत ती तुझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसलेली असेल, बॅग मांडीवर घेऊन. तिला काय बोलायचंय ते तिनं पाठ केलंय. सकाळी आतल्या खोलीत पुटपुटत होती, मी दाराबाहेरून ऐकलं. मधेच विसरेल आणि रागावल्यासारखी बोलेल. तो राग तुझ्यावरचा नसेल.

तिला क्षमा करायची की नाही, ते तिच्याकडे बघून ठरव. माझ्यासाठी म्हणून करू नकोस.